धुतलेला तंबू

रविवार

आज तंबू धुतला. पाठ धरली आहे, पण मन कसं हलकं झालंय.

सूनबाईला आज ड्यूटी होती. ती मोठ्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते. जगाचे कान तपासते आणि घरात कोणाचं ऐकत नाही, असं माझा मुलगा तिला चिडवायचा. ती बाहेर पडल्यावर मी मुंगीला हाताशी घेतलं आणि माळ्यावरून तंबूची पिशवी खाली ओढली. मुंगी म्हणजे माझी नात, दुसरीतली. सारखं काही ना काही इकडून तिकडे नेत असते, म्हणून मुंगी.

पिशवी उघडली आणि बघवेना. गेल्या वर्षी राष्ट्रीय उद्यानातून परत आल्यावर माझ्या मुलाने तंबू तसाच कोंबून वर टाकला होता. "आई, पुढच्या रविवारी बघतो," म्हणाला होता. तो रविवार त्याला दिसलाच नाही. ऑफिसच्या जिन्यात छाती धरून खाली बसला, तो उठला नाही.

उद्यानातली पुढच्या वर्षीची जागा मात्र तो तिथून निघतानाच राखून आला होता. त्या तारखा या शुक्रवारी येतायत. सूनबाई म्हणाली, "आपण जाऊ या. तिघी." मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही सध्या. दुसऱ्या शहरातल्या नव्या दवाखान्यात तिला एक अख्खा विभाग देऊ करतायत. येत्या सोमवारी उत्तर द्यायचं आहे. ती गेली तर मुंगी जाणार, आणि मग या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणून ठरवलंय, हिला आपली कसलीही अडचण वाटू द्यायची नाही. उलट, हिची कामं न सांगता करून टाकायची.

तर तंबू. काय नव्हतं त्यात! झाडांच्या वाळक्या सुया, मेलेला पतंग, चॉकलेटचा कागद, कोपऱ्यात कॉफी सांडल्याचा डाग. दाराजवळ तर चिखलाचा अख्खा पंजा उमटलेला, पाचही बोटांसकट. तो काही निघता निघेना. शेवटी मऊ ब्रश घेऊन बसले. दोन वेळा लिंबाच्या वासाच्या पावडरीत भिजवला, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ यायला लागलं. गच्चीवर कडक उन्हात वाळवला. वर जुनं धोतर पसरून हलकी इस्त्रीसुद्धा फिरवली.

घडी घालायला मुंगीला समोर उभं केलं. आम्ही बोर्डिंगात अशाच चादरींच्या घड्या घालायचो. दोघी दोन टोकांना उभ्या, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि कोपरे हातात द्यायचे. "कॉर्नर टु कॉर्नर, गर्ल्स," सिस्टर म्हणायच्या. एक सुरकुती दिसली की सगळी चादर पुन्हा उलगडायला लावत. मुंगीला खूप मजा वाटली. तंबूची अशी चौकोनी वीट झाली की दुकानातल्या नव्या तंबूनेसुद्धा मान खाली घालावी.

सूनबाईला सांगायचं नाही असं मुंगीकडून कबूल करून घेतलंय. तिथे गेल्यावर बघेल.


बुधवार

सूनबाई शिडी घेऊन माळ्याशी उभी होती.

"आई, तंबूची पिशवी कुठे गेली?"

"मी काढून ठेवली, गाडीत. तुला कशाला त्रास!"

"उघडलीत का?"

मुंगीने लगेच तोंडावर हात धरला. मी म्हटलं, "तू आंघोळीला जा बघू, उशीर होईल." ती काही वेळ शिडीवरच हात ठेवून उभी राहिली, मग गेली. दमलेली दिसते. माझ्या मुलाचे कपडे धुऊन, इस्त्री करून मी गरजूंना देऊन टाकले, तेव्हापासून तिला घरातलं काही हलवलेलं आवडत नाही. तेव्हाही एका शब्दाने बोलली नाही, म्हणून मला वाटलं होतं की बरं वाटलं असेल. कपाट उघडलं की जखमेवरची खपली निघते. नीटनेटकं असलं म्हणजे माणूस सावरतो. मुंगीचे आजोबा गेले तेव्हा मीही अशीच सावरले.


शुक्रवार, तंबूत

पोहोचलो. गुडघ्यावर वही घेऊन लिहितेय.

उद्यानाच्या फाटकावर खाकी टोपीतला माणूस खिडकीतून वाकला. त्याने माझ्या मुलाचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे कुठे आहेत?" सूनबाईचे हात स्टिअरिंगवरच राहिले. मागून मुंगी म्हणाली, "बाबा नाही येणार. आम्ही तिघी आहोत." त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली, आणि अडसर वर केला. भला माणूस.

आमची जागा तळ्याच्या बाजूला आहे. एक लाकडी टेबल, शेकोटीचं दगडी आळं, आणि जनावरांनी खाऊ पळवू नये म्हणून कुलूप लावायची लोखंडी पेटी. नळ आणि न्हाणीघरं थोडी चढावर. झाडं इतकी उंच की मान दुखते. मी पहिल्यांदाच आले. दर वर्षी तो म्हणायचा, "आई, चल ना." मी म्हणायची, "घरात पलंग असताना जमिनीवर झोपायला मला काय वेड लागलंय?"

सूनबाईने पिशवी टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. आत हात घालण्याआधी तिने पिशवीत चेहरा खुपसला आणि खोल श्वास घेतला. तशीच राहिली. मला राहवेना.

"येतोय ना लिंबाचा वास?"

"मी धुतला!" मुंगी उड्या मारत म्हणाली. "मी आणि आजीने! आणि इस्त्रीपण केली! गुपित होतं!"

सूनबाईने मान वर केली. डोळे पाणावले होते. मला भरून आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं केलेलं तिला पोहोचलं असं वाटलं. तिने तंबू उलगडला, दाराची बाजू वर आणून त्यावरून हात फिरवला. "स्वच्छ झालाय," म्हणाली. मग म्हणाली, "मी पाणी घेऊन येते," आणि चढावर गेली. येताना बादली रिकामीच होती. विसरली. दमणूक, दुसरं काय.

तंबू उभा करायला मात्र पटाईत आहे. काठ्या सरकवणं, खुंट्या तिरक्या ठोकणं, दोर ताणणं. मी मदतीला गेले की म्हणायची, "आई, बसा तुम्ही." बसले.


शनिवार, दुपारपूर्वी

शेजारच्या जागेवर चाकांवरचं घर घेऊन एक जोडपं आलंय. काकांनी आयुष्यभर शहरातली बस चालवली. घराच्या दारात पायपुसणं, खिडकीत पडदा, पायरीवर फुलझाडाची कुंडी.

"ताई, यांनी मला वचन दिलं होतं," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "निवृत्त झालो की स्टिअरिंगला हात लावणार नाही."

"मग? घरातच बसलोय की," काका म्हणाले. "घर फिरतं, त्याला मी काय करू?"

"आणि वळणावर ओरडतात, 'मागे सरका, मागे सरका!' मागे मी एकटी!"

मुंगी हसून हसून खाली बसली. सूनबाईसुद्धा हसली. तिचं हसणं ऐकून मला एकदम माझ्या मुलाच्या लग्नाचा दिवस आठवला. किती दिवसांनी ऐकलं!

इथे फोन लागत नाही. फक्त फाटकाजवळच्या फलकाखाली लागतो. दहाच्या सुमारास सूनबाई तिकडे गेली. मी दूध आणायला त्याच वाटेने गेले. ती फलकाला टेकून, पाठमोरी बोलत होती. मी ऐकलं ते एवढंच: "नाही, अजून आईंना सांगितलेलं नाही."

मी लगेच मागे फिरले. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे. दोन माणसं जोडून दिली की आपण लाइनीवरून कान काढून घ्यायचा, हा तिथला पहिला नियम. तो मी एकदाही मोडला नाही. पण आज मोडावासा वाटला.

म्हणजे तिचं ठरलंय. मला सांगायचं तेवढं बाकी आहे. म्हणूनच मला इथे आणलंय. चांगल्या जागी आणून, हसतखेळत सांगावं, असा विचार असेल. दूध न घेताच परतले. मुंगी तळ्याकाठचे चपटे दगड फ्रॉकच्या ओच्यात भरून टेबलावर नेत होती. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "आजी, सोड ना, काम आहे."

आता काय चुकलं माझं? किती जपून वागले मी. काल रात्री तिचं अंथरूण घातलं, तिच्या पिशवीतले कपडे नीट लावून ठेवले, सकाळी तिच्याआधी उठून तिचे बूट पुसून ठेवले. याहून जास्त माणसाने काय करावं?


शनिवार, संध्याकाळ

गाडीत बसून लिहितेय. वही ओली झालीय, अक्षराकडे बघू नये.

दुपारी पाऊस आला. सरी नव्हेत, धो धो. आम्ही तिघी तंबूत शिरलो आणि चेन लावली. सूनबाई म्हणाली, "घाबरू नका आई, मागे रात्रभर पाऊस झाला होता. एक थेंब आत आला नव्हता."

थोड्याच वेळात मुंगी म्हणाली, "आई, छताला रेघा आल्या."

वर बघितलं. छतावर ओल्या रेघा उमटत होत्या. सरळ, पट्टीने आखल्यासारख्या, उभ्या आणि आडव्या. चौकोनाशेजारी चौकोन. प्रत्येक रेघेवर थेंब धरत होते आणि ओळीने खाली पडत होते. त्या रेघा मी ओळखल्या. त्या माझ्या घड्या होत्या.

"असं कसं?" मी म्हटलं. "फाटलाय थोडाच!"

सूनबाई मुंगीला पांघरुणात गुंडाळत होती. "कापडावर पाणी अडवणारा लेप असतो," ती म्हणाली. "पावडरीने तो जातो. इस्त्रीने उडतो. उरलासुरला घडीवर मोडतो. म्हणून तंबूची घडी घालत नाहीत. कोंबतात."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तोवर काका ताडपत्री घेऊन पळत आले. "बाहेर या, बाहेर या! पुढच्या दाराने उतरा!" मुंगीला काकूंनी घरात नेलं, डोकं पुसलं, पत्ते काढले. आम्ही दोघी चिंब होऊन आमच्या गाडीत शिरलो. ती पुढे, मी मागे. काचांवर वाफ धरली. बाहेरचं काही दिसेना.

मी म्हटलं, "नवा तंबू घेऊ. मी घेऊन देते."

तिने ओल्या बाहीने समोरची काच पुसली.

"चूक झाली माझी. मला काय माहीत, पाण्यासाठीच केलेली वस्तू पाण्याने बिघडते?"

"पाण्याचं नाही हो आई," ती पुढेच बघत म्हणाली. "दाराजवळ त्याचा हात होता."

मला क्षणभर कळलंच नाही.

"निघताना तो घसरला होता. चिखलात बसला. उठताना तंबूला हात टेकला. मी ओरडले, सगळा घाण केलास. तो म्हणाला, सही केली." मग ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, हिला रडू येत नाही.

"त्याचे शर्ट धुतलेत, मी बोलले नाही. उशीचा अभ्रा धुतलात, मी बोलले नाही. तुमचा मुलगा होता. तंबू मी मुद्दाम माळ्यावर, पार मागे सरकवून ठेवला होता. म्हटलं, तिथे आईंचा हात पोहोचणार नाही."

"मला सांगायचंस ना! एकदा तरी म्हणायचंस, धुऊ नका."

"कसं म्हणू? तुम्ही इस्त्री करताना त्याच्याशी बोलता. रोज. 'बघ कशी कॉलर बसली', 'बघ, एक सुरकुती नाही'. मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. मी तुमच्याकडून तेवढं पण काढून घेऊ?"

मी बोलते? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

टपावर पाऊस वाजत होता. शेवटी मीच विचारलं. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

"सोमवारी काय कळवणार आहेस?"

"नाही म्हणून. सकाळी तेच सांगत होते फोनवर. तिकडच्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणतात, पुन्हा विचार कर. तुम्हाला एकटं टाकून कुठे जाणार मी? तुमच्याजवळ आम्ही दोघीच तर आहोत."

हे ऐकायला मी महिनाभर रोज हात जोडत होते. तेच कानावर पडलं. आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी गाडीतली हवा संपल्यासारखं झालं.


रविवार, सकाळी

पाऊस थांबलाय. सगळं टपटपतंय. रात्री तिघी गाडीत झोपलो. मुंगी मध्ये आडवी, पाय माझ्या पोटात. मला झोप नव्हती, म्हणून विचार करत होते.

आमच्या घरातली प्रत्येक वस्तू डोळ्यांपुढे आणून बघितली. कपाटं, पलंगपोस, त्याचं टेबल. सगळं कसं लख्ख. माझ्या मुलाची एकसुद्धा खूण मी जागेवर राहू दिलेली नाही. मला ते घर बघून धीर येतो. पण तिला रडायचं झालं तर त्या घरात ती तोंड कशात खुपसणार? पाण्याला जाते म्हणून चढावर जाणार आणि रिकामी बादली घेऊन येणार. अशी किती वर्षं?

चहा झाल्यावर मुंगी काकूंच्या कुंडीला पाणी घालायला गेली, तेव्हा म्हटलं, "तू ती नोकरी घे."

"आई, कालचं मनावर घेऊ नका. मी रागात..."

"रागात नव्हतीस. मी ओळखते राग." माझा आवाज मी नोकरीतला काढला, तो बरा स्थिर राहतो. "एक घर घे. त्यात एक कपाट असं ठेव, ज्याची किल्ली माझ्याकडे नसेल. मी सुट्टीत येईन. पाहुणी म्हणून येईन. आणि मी आले की इस्त्री लपवून ठेव."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच पुन्हा रडू आलं.

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीये? चालती-फिरती आहे. घड्याळाशी बोलेन. नाहीतरी बोलतेच म्हणतेस."

"मुंगीशिवाय राहाल?"

मी उठून तंबूकडे गेले.

ओला तंबू आवरायचा होता. सवयीने मी दोन कोपरे धरले आणि ती समोरचे धरेल म्हणून उभी राहिले. तिने पिशवीचं तोंड उघडून धरलं. "असं नाही. मुठीने. जो भाग हाताला येईल तो." मला जमेना. बोटं आपोआप काठाला काठ लावत होती. "अहो कोंबा!" ती म्हणाली. "रागाने कोंबा हवं तर!" मग मी कोंबला. एकेक मूठ, चिखल, सुया, पाणी, सगळ्यासकट. सिस्टर वरून बघत असतील तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल.

मध्येच पाय सरकला आणि तोल सावरायला मी बाहेर राहिलेल्या भागावर हात टेकला. हात चिखलाचा होता. पंजा उमटला. मी पटकन पदराचं टोक पुसायला नेलं, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

फलकाखाली थांबून तिने फोन केला. मी गाडीतच बसले. काच वर करून घेतली.


मंगळवार

तंबू बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवर पसरलाय. ओला ठेवला तर कुजतो, म्हणून वाळवायचाच, असं सूनबाई सांगून गेली. पंखा लावलाय. मुंगी खालून रांगत जाते-येते. फरशीभर माती सांडते. मी पायाने बाजूला करते, उचलत नाही.

पंजा वाळून फिकट झाला. माझा हात केवढासा आहे. त्याचा मोठा होता. ब्रशखाली बराच वेळ लागला होता, ते आठवलं. आज दिवसभर तेच आठवतंय.


रविवार, पुढच्या महिन्यातला

त्या गेल्या. सामानाची गाडी सकाळीच गेली, मग या दोघी. मुंगीने तळ्याकाठचे दगड एकेक करून गाडीत नेले, एक माझ्या उशाशी ठेवून गेली. "हा इथलं काम बघेल," म्हणाली. वळणापर्यंत हात हलवत होती. मी खाली उतरले नव्हते, गॅलरीतूनच हात केला. खाली गेले असते तर सोडलं नसतं.

पुढच्या वर्षीची जागा सूनबाईने राखली आहे, तिघींच्या नावाने. तळ्याच्या बाजूचीच. तंबूला नवा लेप लावायचं औषध मिळतं म्हणे, ते ती येताना आणणार आहे.

निघताना तंबूची पिशवी माझ्या हातात दिली. "हा तुमच्याकडेच राहू दे आई. तिथे जागा नाही."

मला जरा नवलच वाटलं. तिनेच दाखवलेल्या फोटोत तिकडच्या घराला चांगला ऐसपैस माळा आहे. पण म्हटलं, असेल काही अडचण. मी मुंगीच्या आजोबांच्या कपाटात खालचा कप्पा रिकामा करून दिला.

संध्याकाळी घर फार मोठं झालं. इस्त्री लावली, काढली. इस्त्रीचे कपडे माझे दोनच होते. मग उगीच ते कपाट उघडलं. पिशवी वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली, जणू आत कोणी कुशीवर झोपलंय. पाचोळ्याचा आणि मातीचा वास आला. कप्प्यात थोडी माती सांडली होती.

दार लावून घेतलं.